विझलेल्या माळावरचा हातोडा

मी खडी फोडायचा एक जुना हातोडा आहे. दांडा मोडून कोपऱ्यात पडलो म्हणून मला बिचारा समजू नका, मित्रांनो. ट्रकच्या मोडक्या ॲक्सलमधून टेंभुर्णीच्या रखमाजी लोहाराने मला घडवले, बाभळीचा दांडा घातला. तेव्हापासून मी कुणाची कीव मागितलेली नाही.

बाहत्तरच्या दुष्काळात मी केदारखेड्याच्या कौसल्याबाईच्या हाती आलो. रस्त्याच्या कामावर पुष्कळ बाया खडी फोडत, पण तिची रीत वेगळी होती. आधी ती माझ्याने दगड हलकेच वाजवायची आणि कान द्यायची. टणकन वाजला तर भरीव, बद्द वाजला तर आत पोकळ. पोकळ दगड दोन घावांत फुटायचा. बाकीच्या बाया आपले दगड तिच्याकडून वाजवून घेत, तेव्हा माझी ऐट काही विचारू नका.

एकदा अशाच एका दगडाच्या पोटातून पांढरे स्फटिक निघाले. भूगर्भशास्त्र शिकवणारे अप्पाराव सर तिथे खडक तपासत फिरत होते. ते धावतच आले.

"बाई, फार पूर्वी इथे जमिनीला भेगा पडून तापलेला रस वाहिला. थरावर थर निवले, त्याचाच हा माळ. आत वाफ अडकली तिथे अशा पोकळ्या राहिल्या."

"म्हंजे आमी इझलेली चूल फोडून राह्यलो म्हना की!"

सर हसले. "परदेशात विझलेल्या ज्वालामुखींच्या उतारावर द्राक्षं लावतात. मुळाशी पाणी तुंबत नाही. त्यांच्या वाइनला त्या मातीची चव येते म्हणे."

"पिन्याचं सोडा, सर. पंचशील घेतलंय आमी. येलाचं सांगा."

तिने विचारले, कारण सरकारने तिला या माळावर दोन एकर दिले होते. पाच वर्षांत पीक उभे केले नाही, तर जमीन परत जाणार होती. शेजारचे बद्रीनाथ तिथे आपली गुरे चारत. जमीन परत जावी, हीच त्यांची इच्छा.

पण काळी माती दिसली की आपल्याकडच्या माणसाला दुसरे काही दिसत नाही. सरांनी पाणी न तुंबणारा माळावरचा मुरूम सांगितला असतानाही तिने ओढ्याकाठच्या काळ्या पट्ट्यात वेली लावल्या. पावसाळ्यात पाणी तुंबले, मुळे सडली. दोन वर्षे वाया गेली.

मग ती मला घेऊन माळावर चढली आणि पावलागणिक जमीन वाजवत निघाली. बद्द आवाज आला की वरचा पापुद्रा फोडायचा, खाली मऊ मुरूम. त्या खड्ड्यांत तिने वेली लावल्या, घागरींनी पाणी घातले. तिच्या तळहाताचे फोड मला ओले लागत. फार वाईट वाटायचे मला.

मुदत संपताना तलाठी आले. वेलींना घड लागले होते, पण अर्धी जमीन अजून मोकळीच होती.

बद्रीनाथ पुढे झाले. "साहेब, दारू काढाया लावल्यात ह्या येली. आन् बाकीचा निस्ता खडक हाय. तिथं बिलकुल खड्डा पडनार न्हाई."

त्यांनी मला उचलले आणि दिसेल तिथे दणका दिला. टण्! मी उलटा उसळलो, त्यांचे मनगट झिणझिणले, माझा दांडा चिरला. "बघा, साहेब!" ते ओरडले.

कौसल्याबाईने मला त्यांच्या हातातून काढून घेतले. चार पावले गेली, वाजवले, पुन्हा वाजवले. बद्द! तीन घावांत मुरूम उघडा पडला आणि माझा दांडाही तुटला.

"बद्रीनाथभाऊ, नुसतं मारून न्हाई भागत, ऐकावं लागतं." मग तिने तलाठ्यांच्या हातात घड ठेवला. "माझं द्राक्ष खायाचं हाय, साहेब, प्यायाचं न्हाई. खा आन् बराबर ल्हिवा."

तलाठ्यांनी दोन मणी खाल्ले आणि कागदावर 'द्राक्षबाग' लिहिले. जमीन तिची राहिली.

काल भंगारवाला मला मागत होता. मित्रांनो, जुने ते खुशाल टाका, पण आधी एकदा वाजवून बघा. कौसल्याबाईने मला उंबऱ्यावर आपटले. मी असा खणखणीत बोललो की तो रिकामी गोणी घेऊन चालता झाला.

आता ती बाभळीचा नवा दांडा तासते आहे. तिच्या वाट्याचा अर्धा माळ अजून बाकी आहे.