हाडांतला चुना

घागर उचलायला गेले आणि माझा हात काडकन मोडला. घागर रिकामीच होती. चंद्रपूरच्या डॉक्टरनं फोटो उजेडापुढे धरला आणि माझ्याशी चकार शब्द न बोलता माझ्या नवऱ्याला, देवरावला, बाहेर नेलं. कॅन्सर हाडाहाडांत पसरलाय, घरी न्या, आवडीचं खाऊ घाला. मी दारामागेच होते. हात मोडला होता, कान नाही.

गोंडपिपरीला आमच्या घरी पाहुण्यांची रीघ लागली. कोणी शेवया आणल्या, कोणी नुसतं रडून गेलं. सासू बायनाबाई रोज गव्हाएवढा चुना दह्यात कालवून पाजायची, हाडं भरायला. एक दिवस पेटीत हात घातला तर तळाशी नवंकोरं पांढरं लुगडं. माझ्या मढ्यावर घालायला आणलेलं! माझं टाळकंच सरकलं.

"बाई, मले जाळायची एवढी घाई काऊन?"

"डॉक्टरच बोलला ना वो," ती खाली मान घालून म्हणाली.

"तो बोलला. मी कुठी हो म्हटलं?" मी देवरावकडे वळले. "अवो, मले मुंबईले न्या. नाई न्याल तं एकटी जातो."

मुंबईच्या दवाखान्यात हाडांचं चित्र काढायला शिरेत औषध टोचलं, तीन तास बसवलं, मग यंत्राखाली निजवलं. अजिबात हलायचं नाही. हाडं ठणकत होती, पण मी हलले नाही.

डॉक्टरीणबाईंनी चित्र मलाच दाखवलं. कॅन्सरचे बहुधा इथेतिथे डाग दिसतात, म्हणाल्या. माझी तर कवटी, जबडा, नडगी, सगळं सारखंच काळं.

"मुतखडा झाला होता कधी?"

"दोनदा. कोणी इचारलंच नाई."

मग रक्त तपासलं. त्यात कॅल्शियम भरमसाट. गळ्यात मसुरीएवढ्या चार ग्रंथी असतात. त्यातली एक सुपारीएवढी फुगून हाडांतला चुना रक्तात ओढत होती. आणि सासू वरून आणखी पाजत होती! कॅन्सर नव्हताच. ती गाठ काढली.

वैशाख पौर्णिमेला मी पेटीतलं तेच लुगडं नेसले.

"ते नोको नेसू वो, ते तं..." बायनाबाई धावत आली.

"माहीत हाये कशाचं हाये. विहारात पांढरंच नेसतेत ना? चाला."

काठी टेकत, पण माझ्या पायांनी, मी भर रस्त्यातून निघाले. शेवया आणणारे सगळे विहाराच्या ओट्यावर बसले होते. मी समोर जाऊन मोठ्यानं जयभीम म्हटलं. कोणाच्याच तोंडून शब्द फुटेना. फुटेपर्यंत मी हलले नाही.