कपाळाला आवळलेला रुमाल

मी एक जुना निळा सुती रुमाल आहे. माझ्या कडा विरल्या आहेत आणि कितीही धुतलं तरी बटाट्याचे डाग जात नाहीत. मित्रांनो, ते डाग एका बाईच्या दुखण्याचे आहेत.

ग्वालासेओ गावातल्या मागावर मी विणला गेलो. एदुविनाच्या लग्नात तिच्या आईने मला तिच्या खांद्यावर घातलं. जत्रेत मी तिच्याबरोबर नाचलो. "काय रंग आहे!" असं बायका म्हणायच्या. पुढे एदुविनाला अर्धशिशीने गाठलं आणि माझं नाचणं संपलं.

ती गवताच्या टोप्या विणायची. विणता विणता डोळ्यांपुढे चमचमत्या नागमोडी रेघा येत, मग अर्धं डोकं ठणकू लागे. कपाळावर बटाट्याच्या गार चकत्या ठेवून ती मला घट्ट आवळी. तिची शीर माझ्याखाली धडधडे. तिची थोरली बहीण डोक्यात रक्तस्राव होऊन गेली होती. एदुविना ती भीती कुणाला बोलून दाखवत नसे.

सासू सोइला दारातूनच म्हणे, "झालं सुरू! काम दिसलं की बाईसाहेबांचं डोकं दुखतं."

एदुविना दुकानातून गुपचूप गोळ्या आणू लागली. आधी अधूनमधून, मग रोज. तरी दुखणं वाढतच गेलं. महिन्यातले वीस दिवस मी तिच्या कपाळावरच असे.

एका सकाळी तिची जीभ अडखळली. हातातली टोपी गळून पडली.

"आई, मला तुमचा अर्धाच चेहरा दिसतोय."

सोइलाने चूल तशीच टाकली आणि तिला बसने शहरातल्या दवाखान्यात नेलं. तिथे डोक्याचा फोटो काढला. तो येईपर्यंत एदुविनाने पिळून पिळून माझा चोळामोळा केला.

"रक्तस्राव नाही. अर्धशिशीच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्या किती घेता?"

"कधीतरी एखादी."

सोइलाने सुनेच्या खिशात हात घातला आणि रिकामी पाकिटं टेबलावर ओतली. "हे तुझं कधीतरी का गं?"

"रोजच्या गोळ्यांनीच हे दुखणं पोसलं जातंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी त्या गोळ्या बंद केल्या, दुसरं औषध दिलं, वेळेवर जेवायला आणि झोपायला बजावलं.

पहिले दहा दिवस फार वाईट गेले. एदुविना ओकायची, रडायची. "आई, एकच गोळी द्या हो!"

सोइला उठली तेव्हा मी धास्तावलो. पण तिने खिडकीवर घोंगडी टांगली आणि मला गार पाण्यात भिजवून सुनेच्या कपाळावर ठेवलं.

"माझंही असंच दुखायचं," ती हळूच म्हणाली. "मला कुणी घटकाभर पडू दिलं नाही. वाटलं, मी सोसलं, हिनेही सोसावं. चुकलं माझं."

एदुविनाने डोळे न उघडताच तिचा हात धरला.

आता डोकं दुखतं ते महिन्यातून दोन-तीनदाच. समूळ गेलेलं नाही, म्हणून मीही निर्धास्त नाही. मित्रांनो, घरात कुणी डोकं धरून बसलं तर टोमणा मारू नका. आधी पडदा ओढा, आवाज कमी करा आणि त्यांना डॉक्टरकडे न्या.

गेल्या सोमवारी सोइलाने मला दोरीवर वाळत घातलं. आज शनिवार. मी अजून तिथेच आहे. कुणालाच माझी आठवण झालेली नाही. असंच विसरा मला.