हाक मारायचं नाव

सरिता गायधनी डोळ्यांच्या दवाखान्यात लागली, त्याआधी बरीच वर्षं तिने रविवार कारंजाजवळच्या एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवल्या होत्या. कुठे 'चि.' लावायचं, कुठे 'कै.', मुलीच्या मामांचं नाव कुठल्या ओळीत आलं म्हणजे रुसवाफुगवी होत नाही, हे मालक तिलाच विचारत. पुढे लोक मोबाइलवर पत्रिका पाठवायला लागले, छापखाना आटोपला, आणि ओळखीतून तिला पंचवटीच्या बाजूच्या एका धर्मादाय दवाखान्यात नोंदणीचं काम मिळालं.

दवाखाना तसा लहान, पण हिवाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसे. भाताची झोडणी उरकली की पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवरून मोतीबिंदूचे पेशंट बसने आणले जात. पहिल्या दिवशी तपासणी आणि वॉर्डात मुक्काम, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, तिसऱ्या दिवशी पट्टी काढून, काळा चष्मा लावून परत गावी.

त्या वर्षी दवाखान्याने नोंदणीसाठी नवं सॉफ्टवेअर घेतलं. त्यात नावाला तीन रकाने होते: आडनाव, नाव, आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. गावाकडून एक्सेलमध्ये येणाऱ्या याद्यांत मात्र अख्खं नाव एकाच चौकोनात कोंबलेलं असायचं. सरिता आधी एकेक नाव पाहून हाताने तिन्हीकडे टाइप करायची. मान आखडायची, आणि संध्याकाळपर्यंत डोळ्यांच्या दवाखान्यात बसून तिचेच डोळे चुरचुरायला लागायचे.

मग तिने जेवणाच्या सुट्टीत फोनवर व्हिडिओ बघून फॉर्म्युले शिकायला घेतले. आधी ट्रिम लावून शब्दांमधल्या फालतू मोकळ्या जागा काढायच्या. मग फाइंडने पहिली मोकळी जागा कुठे आहे ते शोधायचं, लेफ्टने तिच्या आधीचा शब्द उचलायचा, मिडने मधला, राइटने शेवटचा. शेवटचा शब्द आडनावाच्या रकान्यात न्यायचा, पहिला नावाच्या, मधला तिसऱ्या. एका ओळीत हे जमलं की त्या चौकोनाचा कोपरा धरून खाली ओढायचं, आणि सगळी यादी आपोआप उलगडत जायची. पहिल्यांदा जमलं तेव्हा तिने तो कोपरा उगाचच दोन-तीनदा वर-खाली ओढून पाहिला. पत्रिकेचा मजकूर एका फटक्यात ठाकठीक बसला की छापखान्यात जसं वाटायचं, तसंच तिला वाटलं.

जानेवारीतल्या त्या कॅम्पला दोन याद्या आल्या होत्या. एक पेठकडून, आरोग्यसेविका आशाताईंची. दुसरी सुरगाण्याकडून, हिरामण गुरुजींची. गुरुजी शाळेतून निवृत्त झाले होते आणि आता पाड्यापाड्यांवर फिरून दवाखान्यासाठी पेशंट गोळा करायचे. सरिताने दोन्ही याद्या एकाखाली एक जोडल्या, फॉर्म्युला लावला, वरच्या दहा-बारा ओळी डोळ्यांखालून घातल्या. नावं बिनचूक बसली होती. तिने ती सॉफ्टवेअरमध्ये चढवली आणि आदल्या दिवशी वेळेवर घरी गेली.

तपासणीच्या दिवशी सकाळी दोन्ही बस आल्या. अंगणात कडाक्याची थंडी होती. म्हातारी माणसं घोंगड्या पांघरून ओळीने बाकांवर बसली. छाया सिस्टर खिडकीपाशी बसून पडद्यावरचं नाव पुकारायची, माणूस उठायचा, आत जायचा. सरिताची खोली मागच्या बाजूला होती. तिथे पुकाऱ्याचा आवाज यायचा, पण शब्द कळायचे नाहीत. एकदोनदा बाहेर हशा पिकल्याचं तिने ऐकलं. थंडीत माणसं हसतायत, बरं आहे, असं मनात म्हणून ती कामाला लागली.

संध्याकाळी दिवसाचा गोषवारा काढताना बाकी सगळे हजर आणि एकजण गैरहजर दिसला. नाव होतं भोये सावळीराम. तीनदा पुकारलं, कोणी उठलं नाही, असा छायाचा शेरा होता. कॅम्पला एखादा येतच नाही, त्यात नवल नव्हतं. सरिताने पर्स घेतली, स्वेटर चढवला आणि निघाली.

अंगणातले सगळे बाक रिकामे झाले होते. फक्त चपलांच्या कपाटाजवळच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. हिरवं लुगडं, गुडघ्यांवर घोंगडी, शेजारी कापडाचं गाठोडं. कोणी तरी बस म्हणून सांगितलंय आणि आपण बसलोय, अशी ताठ बसली होती. डोळ्यांत दाट पांढुरकं पटल होतं.

सरिता तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आजी, कोणाची वाट बघताय?"

"पुकारत्याल म्हनले. नाव पुकारलं का आत जा."

"तुमचं नाव काय?"

"कुसाबाई."

ती आंबेपाड्याची होती, गुरुजींच्या बसने आलेली. मुलगा आणि सून द्राक्षबागेच्या कामाला दिंडोरीकडे गेलेले, म्हणून सोबत कोणी नव्हतं. दुपारी सगळ्यांबरोबर तिला भात-वरण मिळालं होतं. जेवून ती पुन्हा याच बाकावर येऊन बसली होती. बरोबरीच्या बायका तपासणी होऊन एकेक करत वर वॉर्डात गेल्या. हीही आतच असेल असं त्यांना वाटलं. तपासलेल्यांची मोजदाद व्हायच्या आधीच गुरुजी बसबरोबर गावी परत फिरले होते.

सरिताने आडनाव विचारलं. भोये, असं उत्तर आलं. गैरहजर माणसाचं आडनाव तेच होतं. ती बाकावर टेकली.

"आजी, इथे भोये सावळीराम म्हणून पुकारलं होतं का?"

म्हातारीने घोंगडीची दशी बोटांत धरली.

"पुकारलं ना. तीन टायमाला पुकारलं," ती म्हणाली. "ते त्यांचं नाव. ते तर नायत आता, लय वर्सं झाली. त्यांच्या नावावर मी कशी उठू?"

म्हातारीच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट, सांगता सांगता ती किंचित हसली. म्हणाली, इतक्या वर्षांनी कोणी तरी त्यांना हाक मारली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा छातीत धस्स झालं. तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, पुकारू दे अजून एकदा.

सरिता तिला हाताला धरून आपल्या खोलीत घेऊन आली, हीटरजवळ खुर्चीत बसवलं आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. मूळ यादीत गुरुजींनी लिहिलं होतं: भोये कुसाबाई सावळीराम. आडनाव आधी, जसं शाळेच्या हजेरीत असतं. आशाताईंच्या यादीत नाव आधी आणि आडनाव शेवटी होतं. फॉर्म्युला आशाताईंच्या पद्धतीचा होता. त्याने शेवटचा शब्द उचलून आडनावात टाकला होता, पहिला शब्द नावात. नवऱ्याचं नाव आडनाव झालं, आडनाव हे नाव झालं, आणि बाईचं स्वतःचं नाव तिसऱ्या रकान्यात, कोणी पुकारत नाही तिथे जाऊन पडलं.

तिने खाली पाहिलं. गुरुजींची सगळीच यादी अशी फिरली होती. सकाळच्या हशाचा अर्थ तिला आता लागला. तिने फोन करून छायाला विचारलं, तर तीही हसून म्हणाली की सुरगाण्याची माणसं मजेशीर आहेत. भोये रावजी म्हणून पुकारलं तर मंगळू नावाचा म्हातारा उठला आणि म्हणाला, ते आमच्या बाचं नाव, पण बा काही आता यायचा नाही, मीच येतो. बायकांमध्ये कोणाचा नवरा सोबत होता, तो उठून बायकोला पुढे करायचा. माणसांनी आपापसात निभावून नेलं होतं. जिच्यासोबत कोणी नव्हतं ती तेवढी राहिली होती.

छापखान्यात पत्रिकेत एक वेलांटी चुकली तरी मुलीचा बाप दुसऱ्या दिवशी दारात उभा राहायचा. इथे पाड्यावरून एवढी माणसं आली, आपल्या बापाची नि नवऱ्याची नावं ऐकून मुकाट्याने आत गेली, आणि कोणी विचारायलासुद्धा आलं नाही. सरिताच्या मनाला ते फार लागलं.

व्यवस्थापक मनोज पवार अजून त्याच्या टेबलाशी होता. सरिताने त्याला काय झालं ते सरळ सांगितलं, चूक माझी आहे हेही सांगितलं. मनोज वाईट माणूस नव्हता, दिवसभराच्या धावपळीने थकला होता. तो म्हणाला की उद्याची ऑपरेशनची यादी ठरलीय, डॉक्टरांची वेळ मोजून बांधलेली आहे, आजींना पुढच्या कॅम्पला घेऊ.

"पुढचा कॅम्प होळीनंतर आहे, सर," सरिता म्हणाली. "आज त्या सकाळपासून इथे हजर होत्या. आपण त्यांना पुकारलंच नाही."

मनोजने हातातलं पेन खाली ठेवलं आणि फोन उचलला. डॉक्टरीणबाई घरी निघण्याच्या तयारीत होत्या. त्यांनी कुसाबाईला तपासलं, रक्तदाब पाहिला, साखर पाहिली. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू अगदी पिकलेला होता. उद्या अर्धा तास आधी सुरू करू, एवढं म्हणून त्यांनी कागदावर सही केली.

सरिताने कुसाबाईला वॉर्डात पोचवलं. बरोबरीच्या बायकांनी तिला पाहून एकच गलका केला, कुठे होतीस दिवसभर म्हणून. ती खाटेवर बसत म्हणाली, बाकावर, थंडीत, पण ठीक होतं.

खोलीत परतल्यावर सरिताने गुरुजींना फोन लावला. ते बसमधून उतरून घरी पोचले होते. झालेला प्रकार ऐकून त्यांनाच अपराधी वाटलं. आडनाव आधी लिहायची जन्माची सवय, ताई, असं ते पुन्हापुन्हा म्हणत राहिले. सरिता म्हणाली की सवय चुकीची नाही, मी विचारायला हवं होतं. मग तिने यादीत एक रकाना वाढवून प्रत्येक नाव कोणाकडून आलं ते लिहिलं आणि फॉर्म्युल्याला इफ जोडलं: गुरुजींकडून आलं असेल तर शब्द आहेत त्याच क्रमाने ठेव, आशाताईंकडून आलं असेल तर शेवटचा पुढे आण. कोपरा धरून खाली ओढलं. या वेळी ती दहा-बारा ओळींवर थांबली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत प्रत्येक नाव ओठांतल्या ओठांत वाचत गेली.

वाचताना तिच्या लक्षात आलं की हेही पुरेसं नाही. काहींची दोनच शब्दांची नावं होती. एका बाईने नुसतंच नाव सांगितलं होतं, पुढेमागे काही नाही, आणि तिथे फॉर्म्युल्याने नावाऐवजी चूक दाखवली होती. फॉर्म्युल्याला नाव कळत नाही, मोकळी जागा कळते. तिने गुरुजींना पुन्हा फोन लावून विचारलं, "पाड्यावर या माणसांना काय म्हणून हाक मारतात, ते तुम्ही लिहून देऊ शकाल का? आडनाव नको, बापाचं नको. कशाला ओ देतात तेवढं."

गुरुजी म्हणाले की त्यात काय, सगळं तोंडपाठ आहे. ते सांगत गेले आणि ती लिहीत गेली. मंगळूला सगळे पाटील म्हणत, पाटीलकी कधीच नव्हती तरी. नुसतं नाव सांगणारी बाई होती तिला थोरली म्हणत. सरिताने त्या रकान्याला नाव दिलं, हाक. मनोजला विचारून तिने तो रकाना छायाच्या पडद्यावरही आणला.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनसाठी सगळ्यांत आधी छायाने पुकारलं, "कुसाबाई." वॉर्डच्या दाराशी म्हातारी झटकन उठली आणि आया तिचा हात धरायला पुढे येईपर्यंत दोन पावलं चाललीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या. सरिता मुद्दाम वॉर्डात गेली. कुसाबाईने आधी आपल्या हातांकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, मग खाटेशी उभ्या असलेल्या सरिताकडे. बराच वेळ निरखून म्हणाली की त्या दिवशी आवाजावरून मला वाटलं तू जाड असशील. शेजारच्या खाटेवरच्या बायका हसल्या. सरिताही हसली.

जाताना म्हातारीने तिला बाजूला घेतलं आणि एक गोष्ट विचारली. कागदावर आता काय लिहिलंय? सरिताने तिला केसपेपर दाखवला आणि प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचला: भोये, कुसाबाई, सावळीराम.

"तिगंबी हायती?"

"तिन्ही आहेत. पुकारायला फक्त तुमचं."

"ऱ्हाऊ दे त्यांचं," कुसाबाई म्हणाली. "पुकारू नका, पन लिव्हलेलं ऱ्हाऊ दे."

तिने कागदाची घडी घालून गाठोड्यात ठेवली. खाली बस लागली होती. गुरुजी दाराशी उभे राहून एकेकाला त्याच्या हाकेच्या नावाने बोलावत होते, आणि काळे चष्मे लावलेली माणसं एकमेकांना धरून पायऱ्या चढत होती. बस पेठ रस्त्याला लागेपर्यंत सरिता फाटकाशी थांबली. मग चहा सांगून आपल्या खोलीत गेली. मेलवर पुढच्या कॅम्पची आशाताईंची यादी येऊन पडली होती. तिने ती उघडली, आणि फॉर्म्युला लावायच्या आधी आशाताईंना फोन केला.