काका पीत नव्हते

माझी ताई चष्म्याच्या दुकानामागच्या कारखान्यात काम करते. भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची, दांड्यांचे बारीक स्क्रू पिळायचे. हे काम तिच्याइतक्या सफाईने तिथे कुणाला जमत नाही, म्हणून अवघड फ्रेमा तिच्याच टेबलावर येतात. तिशीला टेकली तेव्हा तिच्या हातातून स्क्रू पडायला लागले. तर्जनी आणि मधलं बोट मुळाशी सुजायचं. सकाळी उठल्यावर मूठ वळायची नाही.

मग दम लागायला लागला. पाळी थांबली. दिवसभर दिव्याखाली बसणारी बाई, पण रंग असा तपकिरी की कारखान्यातल्या बायका विचारायच्या, "कुठे फिरून आलीस गं?" आईचं निदान ठरलेलं होतं. "पोरीच्या अंगात रक्तच नाही," असं म्हणून तिने लोहाचं टॉनिक आणलं. ताई नाक दाबून प्यायची. फरक पडेना तेव्हा आईने चमचा मोठा केला.

शेवटी ताई कारखान्यातच कोसळली. मालकाने तिला त्याच्या गाडीतून हॉस्पिटलात नेलं. मी आणि आई पोचलो तेव्हा तिच्या छातीला वायरी लावलेल्या होत्या, आणि एक तरुण डॉक्टर सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत होता.

"लिव्हर बरंच वाढलंय," तो म्हणाला. "दारू किती घेता?"

"घेत नाही," ताई म्हणाली.

"थोडीफार? मित्रमैत्रिणींबरोबर?"

"खोकल्याचं औषध धरलंत तर तेवढी."

डॉक्टर हसला, पण त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही. ताईला राग आला. आई मात्र मला बाहेर घेऊन आली आणि बाकावर बसली.

"त्यालाही हेच विचारलं होतं," ती म्हणाली. "अगदी असंच. ह्याच हॉस्पिटलात."

तो म्हणजे आमचा काका, बाबांचा धाकटा भाऊ. मी शाळेत होते तेव्हा तो गेला. तोही असाच काळवंडला होता, पाय सुजले होते, आणि शेवटी हृदयाने दगा दिला. लिव्हर खराब आहे म्हटल्यावर डॉक्टरांनी दारूचं नाव घेतलं आणि घरातल्यांनी ते धरून ठेवलं. काकू जीव तोडून सांगायची की तो पीत नाही. कोण ऐकतंय? सगळ्यांना वाटलं, नवऱ्याला पाठीशी घालतेय. लग्नाला कितीतरी वर्षं होऊन मूल नव्हतं, त्याचं खापरही तिच्यावरच फुटलं होतं. बाबांनी तर भावाचं कपाट उपसून बाटल्या शोधल्या होत्या. एकही सापडली नाही, तर म्हणाले, बाहेर पीत असेल. काका गेल्यावर काकू आमच्या घराची पायरी चढली नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला कपडे दुरुस्तीचं दुकान काढून राहिली. फोनसुद्धा नाही.

ताईच्या रक्ताचा रिपोर्ट आला, तोही मशीन बिघडलं असेल म्हणून लॅबने तपासणी पुन्हा केल्यावर. अंगातल्या लोहाचा साठा भलताच निघाला. ज्या पोरीच्या अंगात रक्त नाही म्हणून घर हळहळत होतं, तिच्या लिव्हरमध्ये, हृदयात, बोटांच्या सांध्यांत लोखंड साचलं होतं. एवढ्या कमी वयात एवढं कसं, म्हणून आम्हाला जनुकांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. केस पिकलेल्या, पण चालायला वाऱ्यासारख्या. ताईने पहिल्याच भेटीत त्यांचं नाव जनुकबाई ठेवलं.

काही आठवड्यांनी जनुकबाईंनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. आई, बाबा, मी. ताईला तेव्हा हॉस्पिटलातून घरी सोडलं होतं; तीही आली आणि खुर्चीत टेकून बसली.

"लिव्हरमध्ये एक इवलंसं प्रथिन तयार होतं," बाई म्हणाल्या. "शास्त्रज्ञांना ते सापडलं तेव्हा ते जंतू मारणाऱ्या पदार्थांच्या शोधात होते. काचेच्या ताटलीत ते जंतू मारायचं, बुरशी मारायचं. म्हणून जंतुनाशक म्हणूनच त्याची नोंद झाली. नंतर कळलं की त्याचं मोठं काम वेगळंच आहे. जेवणातलं लोह आतड्यातून रक्तात किती सोडायचं, ते हे प्रथिन ठरवतं. पुरेसं झालं की दार लावून घेतं."

"आणि माझं दार?" ताईने विचारलं.

"सताड उघडं. ते प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या तुमच्याकडे दोन प्रती आहेत, सगळ्यांकडेच असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. तुमच्या दोन्हींत एकच अक्षर चुकलंय, एकाच जागी. आईबाबांच्या प्रत्येकी एका प्रतीत ती चूक आहे. दुसरी चांगली आहे, म्हणून त्यांना कधी काही झालं नाही."

"आमचं काही नातं नव्हतं लग्नाआधी," आई घाईघाईने म्हणाली.

"पण गाव?"

"गाव एकच," बाबा म्हणाले. "लहान आहे. दोन गल्ल्या."

"मग कुठेतरी मागे एकच पूर्वज असणार. त्यात कुणाचा दोष नाही."

आईच्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. ती पदराशी चाळा करत होती. शेवटी बोलली, "मी तिला लोहाचं टॉनिक पाजलं. महिनोन्महिने. माझ्या हाताने."

जनुकबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "ते आता बंद. पण ऐका, तुमच्या बाटलीने घातली ती चिमूटभर भर. हे लोह लहानपणापासून रोजच्या जेवणातून साचत आलंय. तुम्ही टॉनिक दिलं नसतं तरी ती आज इथेच बसलेली असती."

आईने हातातला पदर सोडला.

"उपाय?" बाबांनी विचारलं. आवाज कोरडा होता.

"रक्त काढायचं."

"म्हणजे?"

"रक्तदान करताना काढतात तसंच, पिशवीभर. दर आठवड्याला. नवीन रक्त बनवायला शरीर साचलेलं लोह वापरतं, साठा उतरत जातो. हृदयासाठी सुरुवातीला लोह खेचून घेणारं औषधही देऊ. बोटं पूर्ण सुटतील असं मी म्हणणार नाही. हृदय मात्र सुधारेल, माझी खात्री आहे."

"एवढंच?" ताई म्हणाली. मनाची तयारी तिने बहुतेक कशाकशाची करून ठेवली होती. ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

माझी तपासणी त्याच दिवशी सांगितली. पुढे माझी एकच प्रत बिघडलेली निघाली. मी धडधाकट होते. मला आनंद झाला आणि ताईसमोर तो लपवावासा वाटला. ती म्हणाली, "तोंड पाडू नकोस. दोघी रक्त काढून घेत बसलो असतो तर घरी स्वयंपाक कुणी केला असता?"

त्या दिवशी निघताना बाबा दारात थांबले. भावाबद्दल त्यांना कधी कुणाशी बोलताना मी ऐकलं नव्हतं. तिथे मात्र उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काळवंडलेला चेहरा, सुजलेले पाय, मूल नसणं, कपाट.

जनुकबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "लिव्हरचा तुकडा काढून तपासला होता का?"

"हो. इथेच."

"तो मेणात बसवून ठेवलेला असतो. इथे ते मेणाचे जुने ठोकळे फेकत नाहीत. लोह असेल तर एका रंगाने ते निळं दिसतं, त्या वेळी कुणी तो रंग घातला नसेल. मेणातल्या त्या तुकड्यातून जनुकही वाचता येईल. पण त्यांच्या पत्नीची परवानगी लागेल."

बाबा दोन दिवस जेवले नाहीत धड. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "चल."

काकूचं दुकान अरुंद होतं. एक शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, दांडीवर टांगलेले कोट. ती कुणाच्या तरी पॅंटची उंची कमी करत होती. आम्हाला बघून तिने पाय मशीनवरून काढला, पण उठली नाही.

"या, दादा," ती म्हणाली. काका त्यांना दादा म्हणायचा, म्हणून तीही.

बसायला जागा नव्हती. बाबांनी उभ्यानेच सांगितलं. मध्ये दोनदा अडकले, तेव्हा मी पुढचं सांगितलं. काकूने ताईची तब्येत विचारली, नीट, खोदून. मग परवानगीच्या कागदावर सही केली.

"तुम्हाला काय निघावंसं वाटतं?" तिने बाबांना विचारलं.

"मी चुकलो असं निघावं," बाबा म्हणाले.

काकूने मान खाली घातली आणि पुन्हा मशीन सुरू केलं.

ठोकळा सापडायला वेळ लागला. सापडला तेव्हा जनुकबाईंनी काकूलाही बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. मीही डोळा लावला. गुलाबी पेशी दिसतील असं वाटलं होतं. सगळीकडे निळं होतं, शाई सांडल्यासारखं निळं.

"हे सगळं लोह," बाई म्हणाल्या. "जनुकाच्या दोन्ही प्रतींत तीच चूक, मुलीत आहे तीच. लिव्हर ह्याने गेलं, हृदयही ह्यानेच. आणि मूल न होणंही बहुतेक ह्यामुळेच. मेंदूतली जी ग्रंथी ते सगळं चालवते, तिच्यातही लोह साचतं. दारूची गरजच नव्हती."

काकू खूप वेळ सूक्ष्मदर्शकावरून उठली नाही. उठली तेव्हा चेहरा शांत होता.

"त्याचे दात दुखायचे," ती म्हणाली. "म्हणून लवंग चघळायचा. तुम्हाला वाटायचं, वास लपवतोय."

"हो," बाबा म्हणाले. "तसंच वाटायचं मला."

"सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. माझं चुकलं."

काकूने पर्समधून रुमाल काढला, आणि स्वतःचे डोळे पुसायच्या आधी तो बाबांच्या हातात दिला.

आता ताईचं रक्त आठवड्याला काढावं लागत नाही, दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरतं. गेल्या तपासणीत हृदयाचा डॉक्टर पडद्याकडे बघत म्हणाला की आधीचं माहीत नसतं तर हे हृदय कधीकाळी आजारी होतं हे मला कळलंच नसतं. बोटं थोडी ताठ आहेत अजून. ताईने लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घेतलाय आणि कामावर परतलीय. रंगही उजळला. बायका विचारतात, आता कोणती क्रीम लावतेस?

रविवारी काकू जेवायला येते. बाबा काकाच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत बसतात, झाडावरून पडला ती, मास्तरांची सायकल पळवली ती. बाबा इतकं बोलू शकतात हे आम्हाला माहीतच नव्हतं. काकू ऐकता ऐकता मध्येच थांबवते.

"सायकल तुम्ही पळवली होती, दादा. त्याने मला सांगितलंय."

बाबा क्षणभर विचार करतात, आणि म्हणतात, "हो, मीच."