खरात मॅडमचा आवाज

माझे वडील, आप्पा, गेल्यापासून त्यांचा आवाज खरात मॅडमच्या गळ्यातून येतो. मॅडम सरकारी रुग्णालयात एचआयव्ही समुपदेशक आहेत. चार वर्षं आप्पा दर महिन्याला त्यांच्यासमोर बसत होते, हे मला दहाव्यानंतर कपाटात औषधांची वही सापडली तेव्हा कळलं. वहीवरच्या नंबरावर मी फोन केला.

"बोला, काय त्रास होतोय?" आप्पा म्हणाले.

घरी हा आवाज ताट वाढायला सांगण्यापुरता आणि टीव्ही बारीक करायला सांगण्यापुरता वापरला जायचा. त्रासाबद्दल तो विचारू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं.

मंगळवारी मी तिथे गेले. बाकावर शेजारी भानुदास नावाचे रंगारी होते. सकाळचे दहा वाजले होते आणि त्यांच्या तोंडाला वास येत होता.

"पिऊन आलं की मॅडम रागावतात," ते म्हणाले. "पण रागावणं बघा कसं! माझा बाप जन्मात एवढ्या मायेनं रागावला नाही. मागल्या खेपेला मला बाळा म्हणाल्या. पंचावन्न वर्षांच्या घोड्याला!"

मला आप्पा कधी बाळा म्हणाले नव्हते. मी रुमालाची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

"तुमचं काय? दारू, का दुसरं काही?"

"काहीच नाही."

"मग देवळात जा की, ताई. इथं कशाला गर्दी करता?"

ते आत चाळीस मिनिटं होते. दारातून मला दोनदा आप्पांचं हसू ऐकू आलं.

माझा नंबर आला. मॅडम पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला.

"मी दिगंबर शेलारांची मुलगी," मी म्हणाले. "ते इथे काय बोलायचे, ते मला हवंय."

"पेशंटचं बोलणं आम्ही घरच्यांना सांगत नाही," आप्पांचा आवाज म्हणाला.

"पेशंट गेला तरी?"

"तरी. तुम्हाला स्वतःला काही धोका वाटत असेल तर बसा. नाहीतर बाहेर माणसं थांबलीत."

मी बसले.

"दारू?"

"रोज," मी म्हणाले. मी आजवर थेंबही घेतलेला नाही. खोली एका फरशीने लहान झाली. मॅडमनी सवयीने खुर्ची पुढे ओढली.

"कधीपासून?"

"आई गेली तेव्हापासून."

आणखी एक फरशी गेली.

"प्यायल्यावर संबंध?"

"लॉजवर. ओळख नसलेल्या माणसांशी."

"कंडोम?"

"लक्षात राहायचं नाही."

ही उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर होती. मी ती पाठ केली होती. दार आता खोलीच्या बाहेर राहिलं होतं.

"लक्षात राहायचं नाही," आवाज हळूच म्हणाला, "की जगायचंच नव्हतं?"

हे वहीत नव्हतं. याचं उत्तर आप्पांनी फक्त मॅडमना दिलं होतं. माझ्या पाठीला भिंत टेकली.

"जगायचं नव्हतं," मी अंदाजाने म्हणाले.

"घरात कोण आहे?"

"मुलगी."

"तिला सांगितलंत?"

"नाही."

"का?"

"ते तुम्हीच सांगा, आप्पा."

ते गप्प बसले. घरी बसायचे तसेच.

मग मॅडमनी माझं बोट धरून सुई टोचली आणि रक्ताचा थेंब किटवर सोडला. आता आमचे गुडघे एकमेकांना लागले होते.

"एक रेघ आली तर निगेटिव्ह," आवाज म्हणाला. "तीन महिन्यांनी एकदा तपासून घ्यायचं. मग यायची गरज नाही."

"आणि दोन आल्या तर?"

"तर घाबरायचं नाही. गोळ्या आहेत. दर महिन्याला यायचं, आयुष्यभर. माझ्याशी बोलायचं."

पहिली रेघ उमटली. मी किट ओंजळीत घेतलं आणि दुसऱ्या रेघेच्या जागेवर हलकेच फुंकर घालू लागले, विझत आलेल्या निखाऱ्यावर घालतात तशी.