सारखे वाटे

भावाभावांत वाटणी झाली की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं, ही चाल जुनी आणि शहाणी. पाडणाऱ्याला लबाडी करायला जागाच राहत नाही. सयाजीला तर लबाडी करायचीच नव्हती. सत्त्याण्णव साली रहिमतपुरातलं लग्नपत्रिकांचं दुकान मोडताना त्याने कागद, शाईचे डबे, खुर्च्या, सगळं निम्मं-निम्मं केलं. मोठी कात्री एकच होती, तर तशीच दुसरी विकत आणून ठेवली. धाकट्या रविराजने 'दादानं मला फसवलं' असं मनात धरू नये, एवढंच त्याला हवं होतं. त्या काळजीने त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

उरले दोन कॉम्प्युटर. दिसायला जुळे, पण एकात आठ-आठ एमबीच्या दोन रॅम होत्या, रविराजने मागल्या वर्षी सांगलीहून आणलेल्या, आणि दुसऱ्यात चार-चारच्या. पहिल्यावर फोटोची पत्रिका झटक्यात उघडायची. दुसऱ्यावर ती उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. हे वाटे सारखे कसले?

"दोन्हीत एक आठाची, एक चाराची घालतो," सयाजीने शनिवारी सांगितलं. रविराजने नुसती मान हलवली.

रविवारी सकाळी सयाजीने एकट्यानेच स्क्रू काढून रॅमची अदलाबदल केली. बारा इकडे, बारा तिकडे. कुणाला बोट ठेवायला जागा नाही! स्वतःवरच खूश होत त्याने बटण दाबलं.

खोकं नुसतंच पीं-पीं करत राहिलं. पडदा काळाच. दुसऱ्याचंही तेच. सयाजीच्या तोंडचं पाणी पळालं. आता धाकटा येणार आणि म्हणणार, वाटा द्यायच्या आधी मोडून ठेवला.

रविराज आला. दोन्ही उघडी खोकी त्याने वाकून पाहिली.

"काय बी मोडलं न्हाई, दादा. ह्या मशिनीत रॅम जोडीनंच लागत्यात, अन् जोडी सारख्या मापाची. आठासंगं आठ, चारासंगं चार. न्हाईतर सुरूच हुत न्हाई."

"हे तुला ठावं हुतं?"

"सांगलीच्या दुकानदारानं तवाच सांगितलं हुतं."

"मग काल बोलला का न्हाईस रं?"

"बोललो असतो तर तुमाला वाटलं असतं, ह्याला आठाची जोडी लाटायचीय. खरं सांगा, इश्वास ठिवला असता?"

सयाजीला खोटं बोलवेना. नसताच ठेवला. सारखं-सारखं करण्याच्या नादात दोघा भावांना साधं खरं बोलायचीही सोय उरली नव्हती. दुकान मोडायचं ठरलं तेव्हाही वाटलं नव्हतं एवढं वाईट त्याला आत्ता वाटलं.

त्याने स्क्रू ड्रायव्हर रविराजच्या हातात दिला. "जोड्या तू लाव. अन् तुला पायजे तो उचल."

"मग तुमी समोर तरी बसा."

"नगं."

तो बाहेर जाऊन पायरीवर बसला, दाराकडे पाठ करून. आत स्क्रू फिरत होते. आठाची जोडी कुठल्या खोक्यात जातेय, एकदा वळून बघावं, असं त्याला पुन्हा पुन्हा वाटत होतं. सख्ख्या भावावर भरवसा टाकून नुसतं बसून राहणं इतकं जड जाईल, हे त्याला ठाऊक नव्हतं. दोन्ही हातांनी पायरीची कड धरून तो तसाच समोर रस्त्याकडे बघत राहिला.