मोहरीची चटक

घरात तिला सगळे वावटळ म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. जेवायला बसली तरी एक पाय दाराकडे. चहा निवायच्या आत कप विसळून पालथा. मधमाश्यांच्या पेट्या ट्रकवर चढवायच्या आणि या बागेतून त्या बागेत फुलोऱ्यामागे फिरायचं, हा धंदा तिने धरला तेव्हा वहिनी म्हणाली होती, "बरं झालं. वन्संना एका जागी बसवेल असं काम अजून कुणी शोधलेलंच नाही."

आज मात्र ती सकाळपासून बसली होती. थोरल्या भावाच्या, दादाच्या बागेत, पेटीसमोर उकिडवी. बाहेरून परतणारी माशी मागच्या पायांना परागाच्या गोळ्या चिकटवून आणते. गोळी पाहिली की माशी कुठे जाऊन आली ते कळतं. नासपतीचा पराग फिकट, हिरवट. मोहरीचा पिवळाधमक.

तिने शंभर माश्या मोजल्या. शंभरच्या शंभर पिवळ्या.

"अगं मेल्यांनो!" ती ओरडली. "डोक्यावर एवढं झाड फुललंय, तुमचे डोळे काय फुटलेत?"

डोळे शाबूत होते. पण नासपतीचं फूल दिसायला कितीही देखणं असो, त्यातला रस पाणचट, आणि वास म्हणाल तर शिळ्या मासळीचा. कुंपणापलीकडे शेजाऱ्याची मोहरी होती, गोड वासाची, क्षितिजापर्यंत. एक माशी तिथे पोट भरून येते, पेटीत नाचून दिशा सांगते, बाकीच्या तिच्या अंगाचा वास घेतात, आणि निघतात त्याच वासाचा माग काढत. एकदा वास आणि गोडी यांची गाठ बसली की माशी दिवसेंदिवस तेच फूल धरून राहते. म्हणून तर दादाने बजावलं होतं, "दहातलं एक फूल उमललं की निरोप देईन. तेव्हाच पेट्या आण. आधी नाही." डोळे उघडल्या उघडल्या समोर नासपतीच दिसली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

आणि वावटळ चार दिवस आधी आली होती. आधीची बाग संपली, माश्या बिनकामाच्या, हात रिकामे, आणि रिकाम्या हातांनी बसणं म्हणजे तिला ताप चढल्यासारखं व्हायचं. कळ्या मिटलेल्याच होत्या. माश्यांनी चार दिवस काय करायचं? मोहरी गाठली.

हे दादाला सांगायचं कसं? गोष्ट नुसत्या फळांची नव्हती. वरच्या तीन रांगा बाबांनी लावलेल्या. ती सहा वर्षांची होती, रोपं सरळ धरून उभी राहायची आणि बाबा माती ओढायचे. बाबा गेले, आणि गेली तीन वर्षं त्या रांगांना फळ नाही. "यंदा धरलं तर ठीक," दादा म्हणाला होता, "नाहीतर करवतवाल्याला बोलावतो." तेव्हा हिनेच छातीवर हात मारून सांगितलं होतं, "मी आणते माश्या. एकाही झाडाला हात लावू नकोस."

दुपारी दादा आला. तोही पेटीसमोर वाकला, दहा-बारा माश्या पाहिल्या आणि सरळ झाला.

"सगळ्या पिवळ्या," तो म्हणाला.

"शेजाऱ्याला यंदाच मोहरी पेरायची अवदसा आठवली!"

"दरवर्षी पेरतो तो." दादाने टोपी काढली, पुन्हा घातली. "माझा निरोप तुला कधी मिळाला?"

निरोप निघालाच नव्हता. तो पाठवण्याआधीच हिचा ट्रक फाटकात उभा राहिला होता, हे दादाला ठाऊक होतं. तो एवढंच विचारून थांबला. ओरडला असता तर बरं झालं असतं. भांडायला तरी मिळालं असतं.

आता उपाय एकच होता, आणि तो नेमका तिच्या जिवावर येणारा. पेट्यांना जाळी लावून माश्या कोंडायच्या. थंड साखरेच्या पाकात नासपतीची ताजी फुलं बुडवून ठेवायची, गाळून तो पाक आत द्यायचा. बाहेरचं सगळं बंद, घरात एकच वास आणि त्याच वासाची गोडी. पाक तोंडातोंडी फिरतो आणि नवी गाठ बसते. याला दोन दिवस लागतात. फुलोरा सगळा मिळून सात दिवसांचा.

संध्याकाळी माश्या घरी आल्यावर तिने जाळ्या ठोकल्या. वहिनीने पातेलंभर पाक केला.

"गरम असताना फुलं घालू नका हं, वास मरेल," वावटळ म्हणाली.

"वन्सं, पाक आहे, तुम्ही नाही. त्याला निवायला वेळ देते मी."

दुसऱ्या दिवशी असं ऊन पडलं की काय सांगावं! वारा नाही, ढग नाही, माश्यांनी उडावं असाच दिवस. आणि पेट्या सावलीत बंद, आतून नुसती घणघण. वावटळ बागेत फिरली, फाटकापर्यंत गेली, परत आली. खिळे मोजून डब्यात भरले, डबा सांडला, पुन्हा भरले. वरच्या रांगांवर ऊन आधी पोचतं, तिथली फुलं पूर्ण उघडून थकायला लागली होती. तिला रडू येत होतं.

तिसऱ्या प्रहरी तिने पक्कड उचलली. एकच पेटी उघडून पाहू, एकीने काय होतंय! जाऊन बघते तर त्या पेटीच्या झाकणावर वहिनी बसलेली, मांडीवर फाटका शर्ट, हातात सुई.

"उठा."

"बटण लावतेय."

"वहिनी, फुलं चाललीत!"

"चाललीत ना. मग आता पेटी अर्ध्यातच उघडून उरलेली फुलंही घालवा." वहिनीने दोरा तोडला. मग आवाज उतरवून म्हणाली, "बसा हो जरा. मला एकटीला इथे बसून कंटाळा आलाय."

वावटळ बसली. पक्कड पायाशी टाकली. आतली घणघण लाकडातून थेट तिच्या हाडांत जात होती. ती संध्याकाळपर्यंत उठली नाही, आणि आयुष्यात इतकं अवघड तिने काही केलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मावळतीला जाळ्या काढल्या, आणि चौथ्या सकाळी ती पुन्हा पेटीसमोर. पहिली पिवळी. दुसरी पिवळी. पाचवी, सहावी पिवळी. तिचा जीव टांगणीला लागला. सातवी माशी धपकन उतरली, पायांना फिकट हिरवट गोळ्या. मग आणखी एक. दुपारपर्यंत शंभरात साठ फिकट होत्या. "दादा!" ती किंचाळली, आणि पोरीसारखी बागभर धावली.

खालच्या रांगा अशा गजबजल्या की ऐकत राहावं. वर मात्र पाकळ्या खाली आल्या होत्या.

फूल गळलं की देठ राहतो. देठाचं टोक फुगलं तर फळ, पिवळं पडलं तर संपलं. आठवडाभराने दोघं भावंडं वरच्या रांगांतून एकेका झाडाखाली थांबत गेली. दादा फांदी खाली ओढायचा, ती देठाला बोट लावायची. देठ हातात गळून यायचा. शेवटाला, जिथे सावली असते, तिथल्या सहा झाडांचे देठ तेवढे फुगले होते.

"सहा ठेवतो," दादा म्हणाला.

"माझ्यामुळे गेली रे. चार दिवस दम धरला असता तर सगळी राहिली असती."

"हो," दादा म्हणाला. त्याने तिची समजूत घातली नाही. खिशातून रुमाल काढून तिच्या हातात दिला आणि फांदी सोडून दिली.

निघायच्या दिवशी सूर्य कलला तेव्हा पेट्या ट्रकवर चढवायच्या होत्या. एरवी वावटळ उजेड असतानाच जाळ्या ठोकायची. बाहेर राहिलेल्या दहा-वीस माश्यांसाठी कोण खोळंबणार! त्या रिकाम्या जागेवर घिरट्या घालत मरायच्या. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला.

दादा फाटकाशी उभा होता. "पुढच्या वर्षी कधी येशील?"

"तू निरोप देशील तेव्हा. त्याच्या आदल्या दिवशी नाही."

तो हसला. "बघू. मग आता निघ की, अंधार पडेल."

"थांब," ती म्हणाली आणि पेटीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली. "अजून काही बाहेर आहेत."